एकटीचा संसार आणि हाकेचे अंतर

सरकारी अर्जात रकाने असतात. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित माता. ज्या बापाची बायको वारली किंवा घर सोडून गेली, त्याच्यासाठी बहुतेक अर्जांत रकानाच नसतो. आम्ही पेशाने कारकून. ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी वस्तीतल्या माणसांचे अर्ज भरून देतो. रकाना कोणताही असो, सही-अंगठा झाला की उठता उठता ही माणसे एकच गोष्ट बोलतात. नाहूरच्याच एका ताईंनी ती नेमक्या शब्दांत सांगितली, "दादा, पैशाचं मी बघते. दोन घरची कामं जास्त धरीन. पण शाळा साडेबाराला सुटते आणि मी साडेसहाला येते. मधल्या सहा तासांत पोरीनं हाक मारली तर ओ कोण देणार?"

वाचकहो, आजचे सदर या प्रश्नासाठी आहे. एकटीने मुले वाढवणाऱ्या आईला काय हवे असते, याचा विचार आपण नेहमी पैशात करतो. अनुदान किती मिळाले, फी माफ झाली का, शिलाई मशीन मिळाले का. हे सगळे हवेच. पण घरात दुसरे मोठे माणूस नसणे ही जी उणीव आहे, ती अनुदानाने भरून निघत नाही. ती भरून निघते राहण्याच्या पद्धतीने. म्हणून आम्ही म्हणतो, दोन-तीन एकल पालकांनी मिळून एकत्र किंवा अगदी शेजारी-शेजारी बिऱ्हाड करावे. ही कल्पना नवी वाटेल, पण ती आपल्या ओळखीची आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१९ साली जगभरातल्या कुटुंबांवर एक अहवाल काढला. त्यानुसार एकटी आई आणि तिची मुले एवढीच माणसे राहतात अशी घरे भारतात सुमारे १ कोटी ३० लाख आहेत. शंभर घरांमागे साडेचार. याखेरीज सुमारे ३ कोटी २० लाख एकट्या आया मुलांना घेऊन माहेरी, सासरी किंवा इतर नातेवाइकांच्या घरात राहतात. म्हणजे हे एखाद्या दुर्दैवी बाईचे प्रकरण नाही. ऐंशी खोल्यांच्या चाळीत तीन-चार दारे अशी असणारच.

नातेवाइकांकडे राहणाऱ्यांची सोय झाली, असे आपण धरून चालतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत भाऊ, भावजय, त्यांची दोन मुले, म्हातारी आई आणि त्यात ही दोन लेकरांना घेऊन आलेली. भाऊ चांगला असतो, भावजयही वाईट नसते. तरी रात्री अंथरुणे घालताना रोज एक माणूस जास्त भरते. मग एके दिवशी ती स्वतःच पिशवी भरते आणि वेगळी खोली बघते. वेगळ्या खोलीत गेली की मान मिळतो, पण दुपारची हाक रिकामी जाते.

यावर आपल्या लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे मूल दूर पाठवणे. पोरीला गावी आजीकडे, पोराला बोर्डिंगात. वसतिगृहांनी आपल्या समाजाला शिकवले, हे आम्ही कधी विसरणार नाही. पण शिक्षणासाठी वसतिगृहात जाणे वेगळे आणि दुपारी घरात कुणी नाही म्हणून जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात बाप गेल्यावर मुलाची आईही जाते. आई मुंबईत, मुलगी गावी, मुलगा तिसऱ्या जिल्ह्यात, असे तीन तुकडे झालेले संसार आम्ही जवळून पाहतो. या संसारांत कुणी व्यसनी नाही, कुणी आळशी नाही. फक्त सहा तासांसाठी एक माणूस कमी पडले.

चाळीने काय दिले

बाबासाहेबांचे बालपण आठवा. आई भीमाबाई १८९६ साली वारल्या, तेव्हा भीमराव पाच वर्षांचे होते. रामजी सुभेदारांनी पोरक्या लेकरांना वाढवले, पण एकट्याने नाही. त्यांची बहीण मीराबाई घरात होती आणि तिने मुलांना आईची माया दिली. पुढे बाबासाहेबांचे थोरले बंधू आनंदराव वारले, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद रमाईंच्याच बिऱ्हाडात राहिले. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये एक विधवा आई आणि, बाबासाहेब परदेशी शिकत असताना, जिचा नवरा सातासमुद्रापलीकडे अशी दुसरी आई, अशा दोघींनी मिळून मुले सांभाळली. त्याला कुणी योजना म्हटले नाही, पण दोन मोठी माणसे आणि एक चूल, हाच त्या संसाराचा आधार होता.

चाळीची बांधणीही त्याला मदत करी. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळी घ्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, मिळून २०७ इमारती. एका इमारतीत चार मजल्यांवर ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारे, नळ आणि संडास सामाईक. दिवसभर दारे उघडी. शाळेतून आलेले पोर आपल्या दारापाशी पोचेपर्यंत दहा जणांच्या नजरेखालून जाई. कुलूप असले तर शेजारच्या मावशीकडे किल्ली असे आणि किल्लीबरोबर भाकरीचा तुकडाही. गिरणगावात कितीतरी बायांनी खानावळ चालवून मुले वाढवली. त्यांचे काम घरातच असल्यामुळे तिथे दिवसभर मोठे माणूस असे. अशाच खानावळवाल्यांना एकत्र करून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली.

चाळीचे गोडवे गाताना दुसरी बाजूही सांगायला हवी. जी नजर पोरावर असे, तीच नजर विधवेवरही असे. ती कुणाशी बोलली, किती वाजता आली, कोणती साडी नेसली, याचा पंचनामा नळावर होई. दारूड्या नवऱ्याचा मार सगळा मजला ऐके आणि 'त्यांच्या घरातला मामला' म्हणून गप्प बसे. संडासासाठी रांग आणि खाजगीपणा शून्य. म्हणून बी.डी.डी.च्या पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आम्हांलाही आनंद झाला. चाळीत परत जा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. पण चाळीत जी किल्ली फुकट सांभाळली जात होती, ती नव्या इमारतीत आपोआप सांभाळली जाणार नाही. तिची व्यवस्था आता ठरवून करावी लागेल.

आश्रम वेगळा, घर वेगळे

महाराष्ट्राने एकट्या आयांचा विचार फार आधी केला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, असे त्यांनी सांगितले. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि डॉक्टर केले, तो यशवंत. पंडिता रमाबाई स्वतःच एकट्या आई होत्या. १८८२ साली पती वारले तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. ते पुढच्या वर्षी पुण्याला गेले आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले.

या संस्थांनी जीव वाचवले. तरी आश्रम आणि घर यांत फरक राहतोच. आश्रमाला फाटक असते, अधीक्षक असतात, येण्याजाण्याच्या वेळा असतात. संकटात सापडलेल्या बाईला ते हवे असते. पण जी कमावते, जिचे डोके ठिकाणावर आहे, तिला आश्रय नको असतो. तिला स्वतःच्या नावाचे दार हवे असते आणि दाराबाहेर ओळखीचे माणूस हवे असते.

सरकारी योजनेचेही तसेच आहे. नोकरी करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे. २०२२ साली 'मिशन शक्ती'मध्ये तिला 'सखी निवास' असे नाव मिळाले. चांगली गोष्ट ही, की या वसतिगृहात आईला मूल बरोबर ठेवता येते. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत, मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत. ज्या भगिनींची मुले लहान आहेत, त्यांनी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी जरूर करावी. पण मुलाला तेरावे लागले की काय? ज्या वयात पोरगा नाक्यावर उभा राहायला लागतो, त्याच वयात आईला जागा सोडावी लागणार. आणि एकट्या बापाला तर तिथे दारच नाही. म्हणून आपला आपण काही मार्ग काढायला हवा.

बाहेरच्या देशांतले दाखले

हा प्रश्न गरिबांचाच किंवा आपल्याच देशाचा आहे असे कुणी समजू नये. डेन्मार्कसारख्या श्रीमंत देशात १९६७ साली बोडिल ग्रॉ या लेखिकेने वर्तमानपत्रात लेख लिहिला. मुलाला शंभर आईबाप असावेत, असा त्याचा आशय होता. तो वाचून काही कुटुंबे एकत्र आली आणि १९७२ साली कोपनहेगनच्या उत्तरेला २७ घरांची एक वसाहत उभी राहिली. प्रत्येकाचे घर स्वतंत्र. मधोमध एक सामाईक घर, जिथे एकत्र जेवण होते आणि मुले खेळतात. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९७४ साली वॉरेन व्हिलेज सुरू झाले. ते खास एकल पालकांसाठी. वर राहायच्या खोल्या आणि त्याच इमारतीत पाळणाघर. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला एकट्या आया आणि त्यांच्या मुलांसाठी १९७० च्या दशकात मुद्दाम नकाशा काढून एक घर बांधले, आणि तो नकाशा काढला आल्डो व्हॅन आइक या नामांकित वास्तुविशारदाने.

तिन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे. झोपायची जागा आपापली, मूल सांभाळायची जागा सर्वांची.

फुटपाथवरच्या बायांनी मापलेले घर

आता दाखला आपल्या मुंबईचा. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हे मान्य केले, पण फुटपाथवरून हलवायची मुभा पालिकेला राहिली. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बाया तेव्हा रडत बसल्या नाहीत. १९८६ साली त्यांनी 'महिला मिलन' ही संघटना बांधली. रोज रुपया-दोन रुपये बचत गोळा करायला लागल्या आणि आपले घर कसे असावे याचे मोजमाप स्वतः काढले. लाकडाचा सांगाडा आणि कापडाच्या भिंती लावून खऱ्या मापाचे घर उभे केले आणि लोकांना बोलावून दाखवले. त्यांची मुख्य मागणी उंचीची होती. छत चौदा फुटांवर असू द्या, म्हणजे आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे पोटमाळा घालू. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी इंजिनिअरला शिकवले की मुले मोठी झाली की झोपायला दुसरी पातळी लागते.

या गोष्टीतून आम्ही एक धडा घेतला आहे. घर मिळाल्यावर तक्रार करण्यापेक्षा घर ठरायच्या आधी बोलावे. आपल्या नाहूर-भांडुपच्या पट्ट्यातही झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना चालू आहेत. १९९५ साली योजना आली तेव्हा घर २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ झाले, आता ३०० आहे. चौरस फूट वाढले, पण दारे बंद झाली. खाली ज्यांची दारे समोरासमोर होती त्यांच्यातली एक तिसऱ्या मजल्यावर गेली आणि दुसरी सतराव्या. सोडतीची चिठ्ठी कोण कुणाची मुले सांभाळते हे विचारत नाही. म्हणून एकल पालकांनी सोडतीच्या आधी, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, लेखी अर्ज द्यावा की आम्हां तिघांना किंवा चौघांना एकाच मजल्यावर जागा द्यावी. मिळेलच असे नाही. पण न मागितलेले तर नक्कीच मिळत नाही. आणि अर्ज द्याल तो एकटीचा न देता सर्वांच्या सह्यांचा द्या.

तिघींचा हिशेब

ज्यांची स्वतःची खोली नाही, त्यांच्यासाठी भाड्याचा हिशेब मांडू. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आकड्यांशिवाय आमचे समाधान होत नाही. आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या गल्लीतले भाव घालून पुन्हा मांडावेत.

समजा तीन आया आहेत आणि तिघींची मिळून पाच मुले. प्रत्येकीची वेगळी खोली, भाडे ८,००० रुपये. मुले सांभाळायला कुणाला तरी महिना २,५०० रुपये. एकीचा खर्च झाला १०,५००. आता तिघींनी मिळून दोन खोल्या आणि स्वयंपाकघराची जागा १८,००० रुपयांना घेतली. एकीच्या वाट्याला ६,०००. सामाईक पेटीत ५०० रुपये, गॅस-दुरुस्ती-औषधासाठी. झाले ६,५००. महिन्याला ४,००० वाचले, वर्षाला ४८,०००. ही रक्कम मुलीच्या नावावर टपाल खात्यात गेली तर दहावीनंतर तिला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

पण आमच्या मते पैशाची बचत हा फायदा क्रमांक दोन आहे. क्रमांक एक हा की तिघींच्या कामाच्या वेळा वेगळ्या असतात. घरकाम करणारी सकाळी सातला जाते आणि एकला येते. गाळ्यात पॅकिंग करणारी नऊ ते सहा. इस्पितळातली आयाबाई कधी रात्रपाळी, कधी दुपारची. वेळापत्रक भिंतीला लावले तर चोवीस तासांतला बहुतेक वेळ घरात एक मोठे माणूस निघते. रात्री दोन वाजता पोर तापाने फणफणले तर एक जण रिक्षा आणते आणि दुसरी बाकीच्या मुलांजवळ थांबते. हे सुख पैसे मोजून मिळत नाही.

जागा बघायला गेल्यावर काय होते, तेही लिहितो. घरमालक आधी विचारतो, "मिस्टर काय करतात?" मग विचारतो, "आडनाव काय?" दोन्ही उत्तरे त्याला नको असतात. नाहूर स्टेशन २००६ साली झाले, आसपास टॉवर उभे राहिले, पण हे दोन प्रश्न जुनेच राहिले. यावर आमचा अनुभव असा, की तिघी पगाराचे किंवा बँकेचे कागद घेऊन, वस्तीतल्या एखाद्या जाणत्या माणसासह एकत्र गेल्या तर मालकाचा सूर बदलतो. एकट्या बाईला तो नकार देतो. तीन कमावती माणसे बघितली की भाड्याची खात्री वाटते.

भांडण कशावरून होईल

होईल. सख्ख्या जावा भांडतात, तर या का नाही भांडणार? पण भांडण कशावरून होणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून त्याचे नियम आधी करता येतात.

पहिले कारण चूल. एकीला तिखट लागते, दुसरीच्या मुलाला मिरची चालत नाही. सकाळचा डबा ज्याचा त्याने, रात्रीचा भात-आमटी एकत्र, एवढे ठरवले तरी निम्मी कटकट संपते. दुसरे कारण पैसा. किराणा कुणी आणला, सिलिंडर कुणी भरला, याची वही स्वयंपाकघरात टांगलेली असावी आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती तिघींनी बसून मिटवावी. उसने पैसे तोंडी देऊ नयेत. तिसरे कारण मुलांना रागावणे. "माझ्या पोराला तू का बोललीस?" यावरून घरे फुटतात. नियम असा की अभ्यास, वेळ आणि सुरक्षितता यांबाबत तिघींपैकी कुणीही बोलेल. हात कुणीच उगारणार नाही, स्वतःच्या मुलावरही नाही.

चौथी गोष्ट नाजूक आहे, पण कुटुंबाच्या पानावर ती लिहिलीच पाहिजे. घरात कोण पुरुष येणार? भाऊ, मामा, ओळखीचा कुणी. कितीही जवळचा असो, मुक्कामाला कुणी नाही आणि मुलांजवळ एकटा कुणी नाही, हा नियम सर्वांना सारखा लागू. यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नाही. मुलांचे रक्षण हा एकत्र राहण्याचा हेतूच आहे. मोठ्या होत चाललेल्या मुलाची झोपण्याची जागा वेगळी हवी, तेव्हा स्वयंपाकघर किंवा पोटमाळा त्याच्यासाठी धरावा.

पाचवे, सोडून जाणे. उद्या एकीचे लग्न ठरले, बदली झाली, पटले नाही. एक महिना आधी सांगायचे आणि डिपॉझिटमधला आपला वाटा नवी जोडीदारीण आल्यावर घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर असावे. जिला बाहेर पडायचा रस्ता ठाऊक असतो ती जास्त दिवस नांदते.

आणि लोक? लोक बोलणारच. एकटी राहिली तरी बोलतात, माहेरी राहिली तरी बोलतात. एकट्या बापांविषयीही दोन शब्द. बायको वारलेला रिक्षावाला पहाटे गाडी काढतो आणि पोर शेजारणीच्या भरवशावर टाकतो. अशा बापांनीही शेजारी-शेजारी खोल्या घ्याव्यात, स्वयंपाक शिकावा, पाळ्या लावाव्यात. मूल सांभाळणे हे बाईचेच काम, असे म्हणून दुसऱ्या लग्नाची घाई करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कागद

भाड्याने जागा घेताना करारावर तिघींची नावे घाला. एकीच्या नावावर करार आणि बाकीच्या 'पाहुण्या', असे करू नका. एकीचे बिनसले की दोघी रस्त्यावर येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. डिपॉझिट कुणी किती दिले ते करारात किंवा वेगळ्या कागदावर लिहून तिघींनी सह्या कराव्यात.

मुलांसाठी दोन योजना लक्षात ठेवाव्यात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. एक पालक गमावलेली मुलेही त्यात येतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता अशा पात्र भगिनींना दरमहा १,५०० रुपये मिळतात. पहिलीसाठी महिला व बालविकास कार्यालय, दुसरीसाठी तहसील कार्यालय. शाळेत कुणी बापाच्या सहीसाठी अडवले, तर अविवाहित आईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिलेला निकाल आहे. बापाला न कळवता ती एकटी मुलाची पालक होऊ शकते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचे नाव लावणे महाराष्ट्राने सक्तीचे केले आहे.

पुनर्वसनात झोपडीधारकाचे घर नवरा-बायको दोघांच्या नावे होते, हा नियम आहे. पण नवरा सोडून गेलेला असेल आणि जुने पुरावे त्याच्याच नावाचे असतील, तर परिशिष्ट-२ ची यादी होताना बाईचे नाव मागे पडते. म्हणून वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादी या सगळ्यांत आपले नाव आजच घालून घ्या. सर्वेक्षणाचा माणूस दारात आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

आपल्या विभागात

प्रत्येकीला एकत्र घर जमणार नाही, हे आम्हांला कळते. पण दुपारचे सहा तास तरी सामाईक करता येतील. आपल्या वस्त्यांतले विहार, समाजमंदिरे, मंडळांची ऑफिसे सकाळी उघडतात आणि संध्याकाळी उघडतात. दुपारी कुलूप असते. दुपारी बारा ते सहा एक खोली, एक पंखा, पिण्याचे पाणी, दोन सतरंज्या आणि पाळीपाळीने बसणारी दोन मोठी माणसे, एवढ्यावर शाळेतून आलेल्या वीस मुलांची सोय होते. निवृत्त मावशी-काका प्रत्येक वस्तीत आहेत. बसणाऱ्या आजीला थोडे मानधन द्यावे, कारण फुकटचे काम महिनाभर टिकते आणि मानधनाचे वर्षभर. मुलाला न्यायला कोण येणार त्या माणसाचे नाव वहीत लिहिलेले असावे, आणि एका वेळी नेहमी दोघे मोठे हजर असावेत.

भगिनींनो आणि बंधूंनो, सुरुवात एका कागदाने करा. आपल्या वस्तीत एकट्याने मुले वाढवणारे आईबाप किती, त्यांची मुले किती वयाची, कामाच्या वेळा कोणत्या आणि ते कोणत्या गल्लीत राहतात, एवढेच लिहा. दया दाखवायला जाऊ नका, फक्त विचारा. यादी झाली की शेजारच्या गल्लीतल्या दोघींच्या वेळा एकमेकींना पूरक आहेत हे आपोआप दिसेल. त्या दोघींची गाठ घालून द्या. नाहूर, भांडुप, खिंडीपाडा, मुलुंड या भागातल्या ज्या मंडळांना दुपारची खोली उघडायची असेल किंवा ज्या भगिनींना जोडीदारीण हवी असेल, त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. कराराचा मसुदा आणि खर्चाच्या वहीचा नमुना आम्ही करून ठेवला आहे. तो विनामूल्य पाठवू.